इमर्जन्सी कार्डावर माझं नाव टाकू द्यावं का?

डॅलसची ताई
मी डॅलसजवळ राहते. मुलगी दुसरीत, साध्या पब्लिक स्कूलमध्ये. तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई होंडुरासची आहे. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं आम्ही दोघी कुंपणापाशी एकाच झाडाखाली उभ्या असतो. तिचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश मिळून जेमतेम एक वाक्य होतं, तरी दोन वर्षं गप्पा चालल्यात. गेल्या आठवड्यात तिने फोनवर भाषांतर करून माझ्यासमोर धरलं: 'मी एखाद्या दिवशी आले नाही, तर याला तू घरी नेशील? कार्डावर तुझं नाव लिहू?' आईवडील नसतील तर मुलाला कोण घरी नेऊ शकतं, ते शाळेच्या या कार्डावर लिहिलेलं असतं.

का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शाळा, दवाखाना, चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनची धरपकड शक्यतो करायची नाही, अशी सूचना २०११ पासून होती. जानेवारी २०२५ मध्ये ती काढून टाकली. तेव्हापासून झाडाखालची गर्दीही कमी झालीय.

आमचे हे म्हणतात, आपलीच ग्रीन कार्डाची फाइल लोंबकळतेय, नसतं लचांड नको. मला मात्र राहवत नाही, कारण शाळेचं 'स्वागत' मी बघितलंय. दारावर रंगीत कागदाची 'बिएनवेनिदोस' (स्पॅनिशमध्ये सुस्वागतम) अशी पाटी, आणि खाली लायसन्स स्कॅन करायचं यंत्र. टेक्सासमध्ये कायदेशीर वास्तव्याचा कागद नसेल तर लायसन्सच मिळत नाही. मध्यंतरी वर्गात गोष्ट वाचायला पालकांना बोलावलं होतं. ही गोड पावांचा डबा घेऊन आली आणि काउंटरवरूनच परत गेली. डबा तेवढा आत गेला. परदेशी पासपोर्टही चालतो असं आमच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) नियमात आहे, हे मला नंतर कळलं. काउंटरवरच्या बाईंना ते माहीत नव्हतं आणि हिला विचारता येत नव्हतं. मग पाटी कशाला लावायची?

तुम्ही असता तर काय केलं असतं?

करदाता
ताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. बारा वर्षं रांगेत उभा आहे, एकेका कागदासाठी वकिलाचं बिल भरलंय. प्रॉपर्टी टॅक्स भरताना दर जानेवारीत पोटात गोळा येतो आणि त्यातला मोठा वाटा शाळेला जातो. ज्यांनी रांग मोडली त्यांच्यासाठी दुभाषे ठेवा, नियम वाकवा, हे मला पटत नाही.

आणि ते यंत्र कुणाचा पाणउतारा करायला बसवलेलं नाही. आलेल्याचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या यादीशी ताडून बघतात त्यात. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर दारावर ढिलाई नको म्हणून आपण पालकांनीच ओरडा केला ना?

तिसरीच्या बाई
करदाता, युवाल्डीत गेलेल्या मुलांची आडनावं एकदा वाचा. बहुतेक लॅटिनो घरांतली होती. दाराची कडी त्या आयांनाही तुमच्याइतकीच हवीय. पासपोर्टवरचं नाव टाइप करूनही यादी तपासता येते, त्यात कुठे नियम वाकला?

टॅक्सचं म्हणाल, तर भाडेकरू मालकाचा प्रॉपर्टी टॅक्स भाड्यातून भरतोच, आणि सेल्स टॅक्स घेताना कुणी व्हिसा विचारत नाही. शिवाय टेक्सास शाळेला पैसे देतं ते पटावर किती यावर नाही, रोज सरासरी किती मुलं हजर असतात यावर. मी ह्यूस्टनकडे द्विभाषिक वर्गाला शिकवते. एका मंगळवारी अफवा उठली की कोपऱ्यावर 'त्यांची', म्हणजे इमिग्रेशनवाल्यांची गाडी उभी आहे. माझ्या बावीस मुलांपैकी नऊ गैरहजर. गाडी पाणीखात्याची निघाली. पण त्या दिवसाचे नऊ गैरहजर शाळेच्या हिशेबात राहिले ते राहिलेच.

घाटावरचा वकील
कायद्याचं थोडं. हा तंटा मुळात टेक्सासचाच आहे. १९७५ मध्ये राज्याने कायदा केला की कागद नसलेल्या मुलांचे पैसे डिस्ट्रिक्टला मिळणार नाहीत, आणि प्रवेश नाकारायचीही मुभा आहे. डॅलसपासून दीड-पावणेदोन तासांवरच्या टायलर गावात १९७७ मध्ये अशा मुलांना वर्षाला १,००० डॉलर फी लावली. चार मेक्सिकन कुटुंबं कोर्टात गेली. त्यांना कुणी बघू नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी भल्या पहाटे ठेवली. सामान गाडीत भरूनच ती माणसं आली होती, कारण तिथूनच हाकलतील अशी धास्ती. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल दिला: शाळेचं दार या मुलांना बंद करता येणार नाही. 'प्लायलर विरुद्ध डो' ते हेच.

करदाता
वकीलसाहेब, चारांचंही सांगा की. सरन्यायाधीश बर्गर यांनी विरोधी मतात लिहिलंय की मुलांना शिक्षणाबाहेर ठेवणं शहाणपणाचं नाहीच, पण धोरण ठरवणं कोर्टाचं काम नव्हे. माझं म्हणणं तेच. लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावं. टेनेसी राज्याच्या सेनेटने २०२५ मध्ये तसं विधेयक मंजूरही केलं होतं.

घाटावरचा वकील
सेनेटने केलं, दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये अडकलं. बर्गरांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, मान्य.

बे एरियाची सून
मला आपल्या मंडळींची गंमत वाटते. प्रवेशाच्या वेळी 'घरी कोणती भाषा बोलता' असा रकाना असतो. मराठी लिहिलं की पोराची इंग्रजीची चाचणी घेतात, म्हणून घरात ताटावर बसून 'अजून एक पोळी घे' म्हणणारे आपण तिथे ठोकून 'इंग्लिश' लिहितो. आम्हीही लिहिलं. तो रकाना आपल्याला कटकट वाटतो, त्या मुलांना त्यातूनच मदत मिळते. मिळते तीसुद्धा सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी घरांनी, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शाळेने मदत द्यावी म्हणून, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टात केस जिंकली म्हणून.

साधा प्रश्न
पण सगळं स्पॅनिशलाच का? आमच्या पोरांसाठी मराठी वर्ग कुठेत?

तिसरीच्या बाई
टेक्सासच्या नियमात भाषेचं नाव नाही. डिस्ट्रिक्टमध्ये एका इयत्तेत एकाच भाषेची, इंग्रजी कच्चं असलेली २० मुलं असली की द्विभाषिक वर्ग. जमवा वीस. पण त्यासाठी त्या रकान्यात खरं लिहावं लागेल!

आणि स्पॅनिश म्हणजे सगळे लॅटिनो, असंही नाही. माझ्या वर्गात ग्वाटेमालाची एक मुलगी आहे, तिची आई माम ही तिथली मूळची माया भाषा बोलते. शाळेची स्पॅनिश चिठ्ठी तिला इंग्रजीइतकीच परकी. शेवटी मुलगीच दुभाषी होते आणि स्वतःच्या तक्रारी गाळून सांगते.

दादरचा मास्तर
लांबून बोलतोय, राग मानू नका. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, असं आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही आहे. तरी ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर जानेवारीत दारात आलं की 'दाखला आणा' हे पहिलं वाक्य ऐकतं. मुलाच्या दृष्टीने कायदा म्हणजे काउंटरवर जो बसलाय तो.

फाइल प्रलंबित
तत्त्व ठीक आहे हो, पण ताई, आपण इथे पाहुणे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, इथून हाकललेले १०४ भारतीय, त्यात तिघे महाराष्ट्रातले. मी असतो तर डबे पोचवले असते, पण कागदावर नाव दिलं नसतं. भित्रा म्हणा हवं तर.

घाटावरचा वकील
भित्रा कशाला, काळजी रास्त आहे. पण कार्डावरचं नाव म्हणजे मुलाला शाळेतून घरी न्यायची परवानगी, तेवढंच. पालकत्व नव्हे, त्याला वेगळा कागद लागतो, ताईंनी सही करण्याआधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला दोन्ही दाखवावेत.

शाळेला विचारायचं ते वेगळंच आहे: अधिकारी आला तर काउंटरवरच्या बाई काय करणार? न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट वेगळं आणि इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेला कागद वेगळा. दुसरा कागद दाखवला तर शाळेवर आतलं दार उघडायची सक्ती नसते. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत अधिकारी आले, मुलांची खुशाली बघायचीय म्हणाले. मुख्याध्यापकांनी आत घेतलं नाही. ते त्यांना तिथल्या तिथे सुचलेलं नाही, आधी ठरलेलं होतं.

करदाता
शाळेने पोलिसांशी हुज्जत घालावी हे मला अजूनही पटत नाही. पण पासपोर्ट चालतो असं नियमात असेल तर तो चाललाच पाहिजे. तिथे मी ताईंबरोबर.

डॅलसची ताई
सगळ्यांचं वाचलं. वकिलाला विचारलं, मग कार्ड भरलं. ऑफिसात आम्ही दोघी गेलो. तो पोरगा मला 'तिया' म्हणतो, म्हणजे मावशी, पण नात्याच्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं. पासपोर्टच्या नियमाचं पान छापून काउंटरवर दिलंय, चिकटवलेलं अजून दिसलं नाही. उद्या पुन्हा विचारीन.

हे अजून नाराजच आहेत. पण काल जेवताना म्हणाले, तो सात वर्षांचाय ना, मग गाडीत बूस्टर सीट लागेल, आपली जुनी गॅरेजमध्ये आहे का बघ.