रुंद मॉनिटरवर ३४४० × १४४० रिझोल्यूशन (पडद्यावरील आडव्या × उभ्या बिंदूंची संख्या) कसे मिळवावे?

प्रश्न (सातारा): नकाशे आखण्यासाठी मी ३४ इंची रुंद मॉनिटर घेतला आहे, परंतु जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय केबलने जोडल्यावर २५६० × १०८० च्या पुढचा पर्याय दिसत नाही आणि अक्षरे पुसट दिसतात. काय करावे?

उत्तर (सांगली): आपले पोर्ट बहुधा एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीचे असावे, त्यामुळे केवळ केबल बदलून या रिझोल्यूशनला ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे होणे) मिळण्याची शक्यता कमी आहे. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टातून डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटर जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा) संकेत मिळत असेल, तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल वापरावी. फक्त चार्जिंगचे पोर्ट मात्र उपयोगाचे नाही.

उत्तर (कराड): खर्चाआधी ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरील चित्र हाताळणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करून हेच रिझोल्यूशन ३० हर्ट्झवर लावून पाहावे, माउस अडखळेल, पण अक्षरे स्पष्ट होतील.

प्रश्नकर्ता: डिस्प्लेपोर्ट केबलने ६० हर्ट्झवर पूर्ण रिझोल्यूशन मिळाले. आपला मनःपूर्वक आभारी आहे.