तलावाच्या तळाचा गाळ थर न विस्कटता कसा काढावा? (मदत हवी आहे)

सुमारे 12 मीटर खोल तलावाच्या तळातील मऊ गाळाचे नमुने घ्यायचे असून, वरच्या 30 सेंटिमीटरचे एकेक सेंटिमीटर जाडीचे काप करून शिसे-210 पद्धतीने (गाळातील किरणोत्सारी शिशाचे प्रमाण मोजून) थरांचे वय काढण्याचा विचार आहे. एकमन ग्रॅबमध्ये (दोरीने तळाशी सोडून जबड्यांनी गाळ उचलणाऱ्या पेटीत) गाळ भरपूर येतो, पण जबड्यांत तो कालवला जात असल्याने थरांचा क्रम टिकत नाही. तशाच जबड्यांचा, जड व्हॅन व्हीन ग्रॅबही त्याच कारणाने बाद ठरतो. (जबड्यांत खडा अडकला की वर खेचताना बारीक गाळ निसटून जातो, ते वेगळेच.)

म्हणून ग्रॅव्हिटी कोअरर (स्वतःच्या वजनाने गाळात उभी रुतणारी नळी) वापरावा असे वाटते. मात्र नळी वेगाने सोडल्यास तिच्यापुढे ढकलल्या जाणाऱ्या पाण्यामुळे सर्वांत वरचा, बोट लावताच विरणारा थर उडून जातो, आणि नळी अरुंद असल्यास आतील घर्षणामुळे मिळालेला गाळस्तंभ नळी रुतलेल्या खोलीपेक्षा आखूड भरतो. अशा गाळासाठी नळीचा आतील व्यास किती असावा? तळाच्या जरा वर थांबवून ती सावकाश रुतवणे लहान होडीवरून, वाऱ्यात होडी सरकत असताना, साधते का? खालच्या तोंडाशी पाकळ्यांचा कोअर कॅचर (गाळ खाली निसटू न देणारा अडसर) न लावता, वर खेचताना बंद होऊन गाळ धरून ठेवणाऱ्या वरच्या झडपेच्या भरवशावर नळी उचलून, तोंड पाण्याबाहेर येण्यापूर्वीच खालून बूच बसवले तर गाळ टिकतो का? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.