मदत हवी आहे : बॅसिलसमधील प्रतिलेखन आणि भाषांतरण यांचा मेळ

सप्रेम नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणूंमध्ये केंद्रकाचे आवरण नसल्यामुळे डीएनएवरून संदेशवाहक आरएनए तयार होत असतानाच (प्रतिलेखन) रायबोसोम त्यावर बसून प्रथिन गुंफू लागतात (भाषांतरण), ई. कोलाय या जिवाणूमध्ये आरएनए बनवणारे विकर आरएनए पॉलिमरेज सेकंदाला सुमारे ४५ न्यूक्लिओटाइड जोडते, तेवढ्यात रायबोसोम सुमारे १५ अमिनो आम्ले जोडतो, आणि एका अमिनो आम्लासाठी तीन न्यूक्लिओटाइड लागतात, म्हणजे दोघांची चाल जुळते, इथपर्यंत मुलांना नीट पटते.

मात्र बॅसिलस सबटिलिस या जिवाणूमध्ये पॉलिमरेज रायबोसोमला बरेच मागे टाकते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. माझे बहुतेक विद्यार्थी कापूस उत्पादकांच्या घरचे आहेत, आणि बीटी कपाशीतील जनुक बॅसिलस प्रजातीतीलच एका जिवाणूचे असल्याने त्यांचे प्रश्न इथेच सुरू होतात.

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मुबलक असताना ई. कोलाय ते बनवणाऱ्या ओपेरॉनचे (एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटाचे) प्रतिलेखन मध्येच थांबवतो, तेव्हा पॉलिमरेजच्या पाठोपाठ येणारा रायबोसोम निर्णायक ठरतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये तेच काम ट्रॅप नावाचे प्रथिन आरएनएला चिकटून करते. या फरकाचे कारण पॉलिमरेजची आघाडी हेच आहे, असे वर्गात खात्रीने सांगता येईल, की ते केवळ अनुमान ठरेल? जाणकारांनी कृपया पुराव्यासह मार्गदर्शन करावे.