मदत हवी आहे: लिलावातलं ल्यूगर घ्यावं का? बोली परवा बंद होतेय

मुक्तछंद
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, बोली परवा संध्याकाळी बंद होतेय. ऑनलाइन लिलावात एक ल्यूगर (जुनं जर्मन पिस्तूल) आलंय आणि फोटोत अप्रतिम दिसतंय. कितीतरी वर्षं मनात होतं, आता समोर आलंय तर सोडवत नाही. अंदाजित किंमत माझ्या आवाक्याच्या जरा वर आहे, पण ओढूनताणून बसवेन. प्रश्न दोनच. किंमत योग्य आहे का? आणि घेतल्यावर नेमबाजीच्या रेंजवर चालवता येईल ना? नुसतं तिजोरीत ठेवायला मला नको आहे. कृपया लवकर सांगा.

शंकेखोर
कुठलं ल्यूगर? कुणी बनवलेलं, कुठल्या सालचं, कॅलिबर (नळीचा व्यास) कोणतं, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, मॅगझिन (काडतुसांची पेटी) मूळचं आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत. स्विस सैन्यानं हे पिस्तूल १९०० मध्ये घेतलं, जर्मन सैन्यानं १९०८ मध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते बनत राहिलं. त्यात कारखाने वेगळे, शिक्के वेगळे. नुसतं 'एक ल्यूगर' म्हटल्यावर किंमत कशी सांगणार?

मुक्तछंद
जर्मनच आहे हो, महायुद्धाच्या काळातलं. ९ मिमी असावं. कंडिशन 'उत्कृष्ट' लिहिलीय. किंमत इथे मुद्दाम सांगत नाही, वाचणाऱ्यांपैकीच कुणी बोली लावायचा.

चक्रीवादळ
ल्यूगर सोडा, जुना कोल्ट पायथन (रिव्हॉल्व्हर) बघा. १९५५ ते २००५ मधला, हातानं जुळवलेला. चाप इतका मऊ की सांगता सोय नाही. संग्रहही होतो आणि रेंजवरही मजा येते. माझ्याकडे सहा इंची आहे, दुसऱ्या कशाकडे बघावंसं वाटत नाही.

पोलादी
@चक्रीवादळ, त्यांनी ल्यूगरचं विचारलंय. आणि पायथन सुचवताय तर पूर्ण सांगा. जुन्या पायथनचं टायमिंग, म्हणजे हॅमर आणि काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरचा मेळ, वापरानं ढळतं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढायचा. हॅमर पूर्ण मागे अडकायच्या आत सिलिंडर जागेवर लॉक झालंच पाहिजे. उशिरा होत असेल तर आतली ढकलपट्टी झिजलीय, आणि ती बसवणारा जाणता कारागीर आता सहज मिळत नाही.

@मुक्तछंद, 'असावं'वर पैसे लावू नका. वरच्या टॉगलच्या (गोळी सुटल्यावर वर दुमडणारा सांधा) पुढच्या कडीवर कारखान्याचा शिक्का असतो आणि चेंबरच्या (काडतूस बसतं तो भाग) माथ्यावर साल. फोटो मोठा करून ते दोन्ही वाचून इथे लिहा.

संग्राहक_आबा
साल काहीही असो. सगळे नंबर जुळत असतील तर त्यातून एकही गोळी झाडू नका. मी याबाबत कडक आहे आणि कारण सांगतो. लष्करी ल्यूगरच्या जवळपास प्रत्येक सुट्या भागावर मुख्य नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. एक्स्ट्रॅक्टरवर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा), चापावर, बाजूच्या पट्टीवर, सेफ्टीच्या खटक्यावर. एक्स्ट्रॅक्टर तुटला तर दुसरा मिळेल, पण त्याच आकड्यांचा मिळणार नाही. त्या एका तुकड्यापायी संग्राहकांच्या बाजारातली किंमत अर्ध्यावर आलेली मी पाहिलीय. गेलेली किंमत परत येत नाही.

रेंजवाली
आबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला कधीच पटलेलं नाही. चालवण्यासाठी बनवलेली वस्तू आहे ती. मी माझं ल्यूगर नियमित चालवते. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि मेनस्प्रिंग नव्यानं बनवलेले बसवलेत, मूळचे भाग डबीत, प्रत्येकावर चिठ्ठी लावून. मॅगझिनसुद्धा मेक-गार कंपनीचं नवं वापरते. काही तुटलं तर नवं तुटेल.

आणि ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही हो! तिरपी मूठ अशी बसते की हात उचलला की नळी आपोआप निशाण्याच्या रेषेत येते. चेंबरमध्ये काडतूस गेलं की एक्स्ट्रॅक्टर किंचित वर उचलला जातो आणि त्याच्या डाव्या अंगावर कोरलेला 'गेलाडेन' हा शब्द दिसू लागतो. भरलेलं आहे, अशी खूण. अंधारातही बोटाला तो उंचवटा लागतो. काचेच्या कपाटात ठेवून यातलं काय मिळणार?

संग्राहक_आबा
रेंजवाली, मूठ काढताना डाव्या पट्टीचा सेफ्टीजवळचा कोपरा उडाला नाही का तुमचा? बहुतेकांचा उडतो. असे लहान लहान घाव साचत जातात.

रेंजवाली
नाही उडाला. पट्टी आधी खालून सैल करायची आणि सेफ्टीच्या खटक्याला चुकवून बाहेर घ्यायची. जोर लावला की कोपरा गेलाच.

मुक्तछंद
तुमचं आपापसातलं नंतर करा ना, माझ्याकडे वेळ नाही. बघितलं. टॉगलवर बीवायएफ आणि चेंबरवर ४१. मुठीच्या पट्ट्या काळ्या प्लास्टिकच्या आहेत, वर्णनात 'ब्लॅक विडो' म्हटलंय. चाप, मॅगझिनचं बटण आणि बाजूचा छोटा खटका सोनेरी रंगाचे आहेत, काळ्याशार नळीवर काय खुलून दिसतात! म्हणूनच तर जीव जडलाय. आता सांगा, घेऊ का?

अनुस्वार
एक महत्त्वाची गोष्ट. घेतलंत तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात उरतात आणि महिनोन्‌महिने पोलादाला चिकटून राहिलं की गंजाचे ठिपके पडतात. होल्स्टर वेगळं, पिस्तूल वेगळं. वर तेलाचा पातळ हात आणि शेजारी सिलिका जेलची पुडी.

पोलादी
@मुक्तछंद, थांबा. सोनेरी? नक्की?

बीवायएफ ४१ म्हणजे माउझर कारखाना, १९४१. लहान भागांवरचा गवती सोनेरी रंग जुन्या पद्धतीच्या उष्णतेच्या प्रक्रियेतून यायचा आणि माउझरनं तो १९३७ च्या सुमारास बंद केला. त्याच सुमारास ते गंज चढवून केलेल्या ब्लूइंगवरून (पोलादाला निळसर काळा रंग चढवणं) क्षारांच्या गरम द्रावणात बुडवायच्या ब्लूइंगवर गेले. त्यामुळे १९४१ च्या ल्यूगरचे हे लहान भागसुद्धा नळीसारखेच निळसर काळे असायला हवेत. तुमचे सोनेरी असतील तर एक तर ते आधीच्या पिस्तुलांतून काढून बसवलेत, किंवा कुणीतरी सगळं पिस्तूल घासून नव्यानं रंगवलंय आणि देखणं दिसावं म्हणून चापाला सोनेरी केलंय.

'ब्लॅक विडो' हेही कारखान्यानं दिलेलं नाव नाही. काळ्या पट्ट्यांच्या माउझरना विक्रेत्यांनी पुढे चिकटवलेलं आहे. पट्ट्या त्या काळातल्या असू शकतात, पण त्या नावाचे वेगळे पैसे मोजू नका.

शंकेखोर
+१. हे चाप-बटणाचं पहिल्याच प्रतिसादात आलं असतं तर वरची अर्धी चर्चा वाचली असती. आता लिलाववाल्यांकडून जवळचे फोटो मागवा. नंबरांच्या आकड्यांच्या कडा कुरकुरीत आहेत की गुळगुळीत? घासलेल्या पिस्तुलात शिक्के उथळ होतात, अक्षरांची टोकं विरतात, फ्रेमच्या धारदार कडा गोलसर होतात आणि भोकांच्या काठांना बशीसारखा खोलगटपणा येतो. नळी आणि रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो भाग) यांच्या सांध्यावर एक बारीक रेघ ठोकलेली असते, तिचे दोन तुकडे एका ओळीत आहेत का तेही बघा. नसतील तर नळीला कधीतरी हात लागलाय.

मुक्तछंद
पण वर्णनात तर 'उत्कृष्ट' लिहिलंय! लिलावघर मोठं आहे, खोटं कशाला लिहितील?

शंकेखोर
खोटं नसेलही. नवं ब्लूइंगसुद्धा 'उत्कृष्ट' असू शकतं. 'मूळ फिनिश' हे दोन शब्द वर्णनात आहेत का, ते बघा. आणि आणखी एक विचारायचं राहिलं: तुमचा परवाना कोणत्या प्रकारचा? काही देशांत संग्रहाच्या परवान्यावर शस्त्र ठेवता येतं, पण चालवायला आणि काडतुसं घ्यायला मनाई असते. तसं असेल तर दुसरा प्रश्न तिथेच संपला.

मुक्तछंद
परवाना नेमबाजीचा आहे, ते बघूनच निघालोय. वर्णनात 'मूळ' हा शब्द नाही. नंबर जुळतात असं लिहिलंय, 'मॅगझिन वगळता'. लिलाववाल्यांना मेल केलाय.

विचारी_मन
मला वाटतं सगळे गुंतवणुकीचा मुद्दा विसरताय. दुर्मिळ शस्त्रांच्या किमती वाढतच जातात. शेरीफ पॅट गॅरेटनं ज्या कोल्टनं कुख्यात अमेरिकन गुंड बिली द किडला मारलं ती २०२१ मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेली. डोळे मिटून घ्या, दहा वर्षांनी आभार मानाल.

पोलादी
तो भाव त्या एका गोळीचा आहे, कोल्टचा नाही. त्याच बनावटीची इतर रिव्हॉल्व्हरं तिच्या जवळपासही जात नाहीत.

ल्यूगरचंच उदाहरण देतो. अमेरिकन सैन्याच्या १९०७ च्या चाचण्यांसाठी .४५ कॅलिबरची मोजकी ल्यूगर बनली होती. त्यातलं एक १९८९ मध्ये दहा लाख डॉलरला विकलं गेल्याचं प्रसिद्ध आहे, त्याचं टोपणनावच 'मिलियन डॉलर ल्यूगर' पडलं. २०१० मध्ये तेच लिलावात आलं आणि ४,९४,५०० डॉलरला गेलं. निम्म्यावर. त्याहून दुर्मिळ ल्यूगर क्वचितच सापडेल, तरी ही गत. दुर्मिळ वस्तूला गिऱ्हाईकही दुर्मिळ असतं. त्या दिवशी दोन श्रीमंत हट्टी समोरासमोर आले तर भाव, नाहीतर नाही. आणि १९४१ ची माउझर तर दुर्मिळसुद्धा नाहीत, भरपूर बनलीत. तिथे पैसे मिळतात ते अस्पर्श फिनिशला आणि जुळत्या नंबरांना.

चक्रीवादळ
दुर्मिळच हवं असेल तर वेब्ली-फॉस्बेरी बघा. रिव्हॉल्व्हर असून स्वयंचलित! सिलिंडरवर नागमोडी खाचा आहेत, धक्क्यानं वरचा भाग मागे सरकतो आणि त्या खाचांमुळे सिलिंडर फिरतं. १९०१ चं. हात मात्र घट्ट हवा, मनगट सैल सोडलं तर चक्र पूर्ण होत नाही.

रेंजवाली
@चक्रीवादळ, याचा वेगळा धागा काढा ना, मी नक्की येईन. इथे विषय भरकटतोय.

सायंतारा
माझ्याकडे आजोबांचं माउझर सी९६ (हेही जुनं जर्मन पिस्तूल) आहे, ७.६३ मिमीचं. त्यात ७.६२ टोकारेव्हची काडतुसं बसतात असं कुणीतरी सांगितलं. वापरू का? (वेगळा धागा काढायला हवा होता, पण इथे जाणकार दिसले.)

पोलादी
नाही! बसतात, पण टोकारेव्हचा दाब जास्त असतो. शंभरी गाठलेलं पोलाद आणि थकलेल्या स्प्रिंगा, त्यात बोल्ट (मागेपुढे सरकणारा भाग) अडवणारा भाग तुटला तर बोल्ट सरळ तुमच्या चेहऱ्याकडे येईल. आधी मुठीवर लाल ९ कोरलेला नाही ना ते बघा. असेल तर ते ९ मिमीचं आहे, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं तशा दीड लाखांची मागणी नोंदवली होती. काहीही असो, जाणत्या गनस्मिथनं चेंबर मोजल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.

मुक्तछंद
लिलाववाल्यांचं उत्तर आलं. 'फिनिशवर पूर्वी काम झालेले असावे, नळी व यंत्रणा उत्तम.' म्हणजे पोलादींचं खरं निघालं. मग आता सोडून देऊ? खरं सांगायचं तर अजूनही हवंय.

संग्राहक_आबा
माझ्यासारख्यानं सोडावं. तुम्ही सोडू नका. तुम्हाला चालवायचं आहे, आणि चालवणाऱ्यासाठी याहून बरं ल्यूगर कुठलं? यंत्रणा चांगली, नळी चांगली, आणि जे जपायचं ते आधीच कुणीतरी घासून टाकलंय. यातून तुम्ही झाडलेल्या गोळीनं माझ्या पोटात दुखणार नाही. फक्त संग्राहकाचा भाव देऊ नका. रंगवलेल्या, मॅगझिन न जुळणाऱ्या पिस्तुलाला अस्पर्श पिस्तुलाच्या निम्म्याच्या आसपास मी थांबेन. आणि लिलावाचा हातोडा पडतो ती शेवटची किंमत धरू नका. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम असतो, वीस टक्के किंवा जास्त, शिवाय कर आणि पाठवणी. ते सगळं आधी वजा करा, उरेल ती तुमची कमाल बोली. ती कागदावर लिहा आणि आत्ताच ठेवून द्या, शेवटच्या मिनिटांत स्क्रीनसमोर बसूच नका.

रेंजवाली
आबा आणि मी एकाच बाजूला! @मुक्तछंद, मिळालं तर आधी गनस्मिथकडे न्या, मग १२४ ग्रेनची (गोळीचं वजन) साधी गोल नाकाची फुल मेटल जॅकेट काडतुसं. हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) ते नीट गिळत नाही, आणि प्लस पी (जादा दाबाची) तर अजिबात नको. फार कमजोर काडतुसंही नकोत. टॉगल पूर्ण वर उचलला गेला नाही की पुढचं काडतूस अडकतं, आणि लोक दोष पिस्तुलाला देतात.

मुक्तछंद
प्रीमियम मी धरलाच नव्हता, वर्णनाच्या तळाशी बावीस टक्के लिहिलेत. वजा केल्यावर माझी बोली अंदाजित किमतीच्या खालच्या टोकाखाली जातेय. तेवढीच लावून ठेवलीय. @रेंजवाली, मेक-गारचं मॅगझिन बीवायएफमध्ये काही न घासता बसतं का, की कॅचला (मॅगझिन अडकवणारा खटका) हात लावावा लागतो?

रेंजवाली
माझ्यात सरळ बसलं. तुमच्यात बटण नंतर बसवलेलं असू शकतं, म्हणून आधी रिकामं मॅगझिन घालून बघा. कॅच पूर्ण अडकला पाहिजे आणि बटण दाबल्यावर मॅगझिन स्वतःहून खाली यायला हवं. घासायची वेळ आलीच तर मॅगझिन घासा, कॅच नाही.