होल इन द वॉल : ट्रॅडिशनल की पर्सेलचं?

फिडलवाला_लीड्स
नमस्कार मंडळी. इकडे लीड्सला आमच्या जवळच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा इंग्लिश कंट्री डान्स असतो, तिथल्या बँडमध्ये मी गेल्या वर्षापासून व्हायोलिन वाजवतोय (ते फिडलच म्हणतात). परवा 'होल इन द वॉल' नावाच्या नाचाची चाल होती. माझ्या झेरॉक्सवर नावाखाली 'ट्रॅड.' लिहिलंय, म्हणजे पारंपरिक, पण पियानोवाल्या आजी म्हणतात छे, हे पर्सेलचं आहे. पर्सेल म्हणजे चर्चसाठी आणि राणीसाठी संगीत करणारा माणूस ना, तो या नाचात कुठून आला? आणि वर हॉर्नपाइप असं, म्हणजे नाचाचा प्रकार, लिहिलंय. माझ्या डोक्यात हॉर्नपाइप म्हणजे खलाशांचं ते चार मात्रांचं उड्या मारणारं, हे तर सहा मात्रांचं आणि संथ. मी आपला दादरा समजून धा धी ना धा ती ना धरून बसलो, तिसऱ्या ओळीपर्यंत नाचणारे एकीकडे आणि मी भलतीकडे, आजींनी चष्म्यावरून असं बघितलं की विचारू नका.

जुनी_पोथी
आजींचं बरोबर आहे. अफ्रा बेनचं 'अब्देलाझर' नावाचं नाटक आहे, १६७६ चं, सूड आणि खूनखराबा ठासून भरलेला. ते १६९५ मध्ये लंडनला पुन्हा उभं केलं तेव्हा पर्सेलने त्याला संगीत दिलं. त्या काळी नाटक सुरू व्हायच्या आधी आणि अंकांच्या मधे तंतुवाद्यांवर छोटे छोटे तुकडे वाजवायचे, त्यातला एक तुकडा म्हणजे हा हॉर्नपाइप. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्सेल गेला, जेमतेम छत्तिशीत. १६९७ मध्ये त्याच्या बायकोने, फ्रान्सेसने, त्याचं नाटकांचं संगीत छापून घेतलं, आणि १६९८ ला हेन्री प्लेफर्डच्या 'डान्सिंग मास्टर' या नाचांच्या पुस्तकात हीच चाल 'होल इन द वॉल' नावाने, नाचाच्या सूचनांसकट हजर!

आता 'ट्रॅड.' का, तर 'डान्सिंग मास्टर'ची पद्धतच तशी. वर चालीची एकच ओळ, खाली कोणी कुठे जायचं ते, संगीतकाराचं नाव नाही. पर्सेलने एकत्र वाजणाऱ्या चार ओळींत लिहिलेलं, तिथे उरली फक्त वरची ओळ, म्हणजे एकट्या फिडलवाल्याला पुरे. पुढे १९११ पासून लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने ही जुनी नाचाची पुस्तकं चाळून त्यातले नाच पुन्हा छापायला घेतले तेव्हा सगळं एकाच गाठोड्यात, लोकांचं म्हणून. आपल्याकडे नाही का, नाटक कोणालाही आठवत नाही पण पद मैफिलीत चालूच राहतं. फक्त इथे नावही पुसलं गेलं.

अर्धामात्रा
दादऱ्याने घात केला तुमचा, मालक. दादरा तीन-तीन, हे दोन-दोन-दोन. तुमचा जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, नाचणाऱ्यांचा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या. चौथी मात्रा त्यांच्या दृष्टीने पाय अर्धा हवेत असतानाची, तिथे तुम्ही गज दाबला की माणूस अडखळणारच! पायाने तीन मोठे ठोके धरा आणि प्रत्येक ठोक्यात दोन वाजवा. इंग्लंडमधला जुना हॉर्नपाइप असाच तीनचा, हँडेलच्या १७१७ च्या 'वॉटर म्युझिक'मधला ऐका, तोही तीनचाच. खलाशांचा चारचा प्रकार चलनात आला तो नंतर.

कोपऱ्यातला
पण पर्सेलनेच कुठून तरी लोकांची चाल उचलून नाटकात घातली नसेल कशावरून? हे लोक उचलायचे की.

जुनी_पोथी
@कोपऱ्यातला शंका रास्त आहे, कारण त्याने तसं केलेलं आहे. १६९२ मध्ये क्वीन मेरीच्या वाढदिवसाच्या रचनेत एका गाण्याखाली बास म्हणून, म्हणजे साथीची सगळ्यात खालची ओळ म्हणून, त्याने चक्क 'कोल्ड अँड रॉ' ही बाजारातली चाल ठेवली. तीच चाल 'स्टिंगो' नावाने 'डान्सिंग मास्टर'च्या पहिल्याच, १६५१ च्या आवृत्तीत आहे. म्हणजे दरबार, रंगभूमी आणि नाचाचा हॉल, मधली दारं सताड उघडी होती. पण फरक बघा, 'स्टिंगो' नाचाच्या पुस्तकात चाळीस वर्षं आधीपासून होती, 'होल इन द वॉल' मात्र नाटकानंतर तीन वर्षांनी आली. त्यामुळे माझं मत पर्सेललाच.

जाता जाता, याच 'अब्देलाझर'मधला रोंदो (मुखडा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने ऑर्केस्ट्राची ओळख करून देणाऱ्या तुकड्यात घेतला, १९४६ मध्ये तो पहिल्यांदा वाजला. एकाच नाटकातली दोन भावंडं, एकाला नाव मिळालं, दुसरा 'ट्रॅड.' झाला.

फिडलवाला_लीड्स
सगळ्यांचे आभार. काल घरी तीन ठोके धरून वाजवलं, बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आज कुठे चुकत नाहीये वाटतं. झेरॉक्सवर 'ट्रॅड.' खोडून पेन्सिलीने पर्सेल लिहिलंय. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, पेनाने लिही.