सायकल विकण्याआधी क्रँकवरची दोन अक्षरं बघा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

निखिल (बी-२०३): नमस्कार मंडळी. माझी रोड बाईक विकायची आहे. २०१६ चं मॉडेल, कार्बन फोर्क, शिमानोचा पूर्ण अल्टेग्रा ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँक वगैरेंचा संच), ११ स्पीड. मीही सेकंडहँडच घेतली होती, त्यामुळे मूळ बिल नाही. कंडिशन एकदम छान. सोसायटीतल्यांना प्राधान्य. किंमत पर्सनलवर बोलू.

संदीप (ए-५०१): आमच्या सईला हवी आहे. सिंहगडाला सायकलने जायचं म्हणून हट्ट धरून बसलीय. उद्या सकाळी बघायला येऊ का?

निखिल (बी-२०३): या ना दादा, नक्की.

दीपाली (सी-७०२): निखिल, संदीपदादा, व्यवहार करण्याआधी जरा थांबा. निखिल, उजव्या क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मागच्या बाजूला, पायडल बसतं त्या टोकाशी, दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील. टॉर्च लावून वाच आणि इथे टाक. मॉडेल नंबरही दिसेल तिथे.

निखिल (बी-२०३): का ताई, काही गडबड आहे का?

दीपाली (सी-७०२): असू शकते, म्हणून विचारतेय. सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून इथेच लिहिते.

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २१ सप्टेंबर २०२३ ला त्यांच्या ११ स्पीड रोड क्रँकची मोफत तपासणी आणि बदली जाहीर केली. जगभरात साधारण २८ लाख क्रँक. अमेरिकेत अधिकृत रिकॉल (सदोष माल परत मागवायची सूचना) निघाला, तिथले ६ लाख ८० हजार आणि कॅनडातले ८० हजार त्यात आले. मॉडेल फक्त अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. अल्टेग्राचे नंबर एफसी-६८०० आणि एफसी-आर८०००. ड्युरा-एसचे एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि पॉवर मीटरवाला आर९१००-पी. तेही १ जुलै २०१९ च्या आधी बनलेले. १०५, टियाग्रा, सोरा यात नाहीत. नवीन १२ स्पीडही नाहीत.

हे क्रँक वजनाला हलके राहावेत म्हणून आतून पोकळ ठेवलेत. ॲल्युमिनियमचे दोन भाग वेगळे बनवून एकमेकांना चिकटवलेत. काही क्रँकमध्ये हा जोड वर्षांनुवर्षं वापरून हळूहळू सुटतो. एकदा फट पडली की घाम, पावसाचं पाणी आत जातं आणि मग ती वाढतच जाते. आणि चढावर उभं राहून सगळं वजन पायडलवर टाकलेलं असताना क्रँक दुभंगला, तर पाय थेट रस्त्यावर येतो.

रोहन (डी-११०२): ताई, मीही वाचलं होतं हे. तेव्हा ४,५१९ तक्रारी आणि जखमी फक्त ६. लाखो क्रँकच्या मानाने हे काहीच नाही. उगाच लोक घाबरतील.

दीपाली (सी-७०२): आकडे बरोबर आहेत रोहन. पण त्या सहांमध्ये हाडं मोडलेले, सांधे निखळलेले लोक आहेत. बाकीचे वाचले, कारण बहुतेक वेळा क्रँक आधी कुरकुरतो आणि माणूस उतरून बघतो. आपल्याकडे कुरकुर आली की काय करतात? चेनला तेल घालतात आणि पुढे जातात. त्यात खडकवासल्याच्या रस्त्यावर शेजारून डंपर जात असतो. तिथे पडणं आणि रिकाम्या रस्त्यावर पडणं यात फरक आहे. मला कोणाला घाबरवायचं नाहीये, दोन अक्षरं वाचायला सांगतेय.

शुभदा काकू (ए-३०२): दीपाली, आमचा अमेय न्यू जर्सीत ऑफिसला सायकलने जातो गं. त्याची रोड बाईकच आहे. त्याला काय सांगू? मला यातलं ओ की ठो कळत नाही.

दीपाली (सी-७०२): काकू, हा माझा वरचा मेसेज त्याला जसाच्या तसा पाठवा. शिवाय सांगा, मॉडेल आणि तारीख जुळत असेल तर तपासणी होईपर्यंत सायकल चालवू नकोस, शिमानोच्या अधिकृत दुकानात नंबर लाव. तिथे ही सूचना थेट सीपीएससी या सरकारी संस्थेने काढलीय, त्यामुळे दुकानदाराला समजावून सांगावं लागणार नाही. जोड सुटायची खूण दिसली तर क्रँक फुकट बदलून मिळतो.

शुभदा काकू (ए-३०२): आत्ता पाठवते. तिकडे सकाळच आहे.

निखिल (बी-२०३): ताई, वाचलं. मॉडेल एफसी-६८००. अक्षरं 'एन जी'. फोटो टाकलाय.

दीपाली (सी-७०२): म्हणजे यादीत आहे. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'के' म्हणजे २०१२, मग 'एल' २०१३, 'एम' २०१४, 'एन' २०१५, असं करत 'आर' म्हणजे २०१९. महिने 'ए' जानेवारीपासून 'एल' डिसेंबरपर्यंत. तुझा जुलै २०१५ चा. 'के एफ' पासून 'आर एफ' पर्यंतचं काहीही असेल तर तपासणी करायची.

याचा अर्थ तुझा क्रँक खराब आहे असा नाही हं. बहुतेक ठीकच निघतात. पण तपासल्याशिवाय सईच्या हातात द्यायचा नाही.

संदीप (ए-५०१): बरं झालं बोललीस. मी तर उद्या आणायलाच निघालो होतो. घरी बघता येतं का काही?

दीपाली (सी-७०२): येतं. घरी संशयित क्रँक ओळखता येतो, पण 'हा ठीक आहे' असं प्रमाणपत्र घरी देता येत नाही. आतला जोड डोळ्याला दिसत नाही.

आधी क्रँक स्वच्छ करा. चेनचं काळं ग्रीस आणि वाळलेला चिखल नेमका त्या जोडावर बसलेला असतो, आणि त्याच्याखाली फट असली तरी दिसत नाही. जुना टूथब्रश, डीग्रीझर, कोरडं फडकं. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी तिरपी धरा. तिरप्या उजेडात बारीक फटीचीही सावली पडते. क्रँकच्या मागच्या बाजूला जोडाची सलग रेषा दिसेल. तिच्यावरून नख फिरवा, विशेषतः उजवीकडे चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चाकाच्या) मागे आणि एक्सलजवळ (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्याजवळ). नख कुठे अडकलं, रेषा मध्येच रुंद झाली, कडेला पांढरट भुकटी दिसली, तर सायकल तिथेच उभी करायची.

मग एकाने पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरायचे, क्रँक आडवे ठेवायचे आणि दुसऱ्याने सायकलवर न बसता, शेजारी उभं राहून पायडलवर वजन टाकायचं, सोडायचं, परत टाकायचं. 'कट' किंवा 'कुर्र' आवाज येतो का ते ऐका. आवाज बॉटम ब्रॅकेटचा (ज्यात तो एक्सल फिरतो त्या भागाचा) किंवा पायडलचाही असू शकतो, म्हणून आवाज आला की लगेच क्रँकला दोष देऊ नका. पण दुर्लक्षही नको. चालवताना कळणारी खूण म्हणजे पुढचे गिअर नीट लावलेले असूनही जोर दिला की चेन डीरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) घासायला लागते, किंवा एका पायाखाली पायडल किंचित तिरकं झाल्यासारखं वाटतं.

एक कळकळीची विनंती. फट दिसली तर तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून बघू नका, आणि फेविक्विक, ॲराल्डाइट, एम-सील काहीही भरू नका. मी असं भरलेलं स्वतः बघितलंय. त्याने जोड धरत नाही, फक्त फट झाकली जाते आणि दुकानातल्या माणसालाही ती सापडत नाही.

रोहन (डी-११०२): हे फेविक्विकचं भारी लिहिलंस. आमच्या ग्रुपमध्ये एकाने अगदी हेच करायचं ठरवलं होतं. फॉरवर्ड करतो. माझा आर८००० आहे, उद्या मीही अक्षरं बघतो.

मोहन काका (ए-१०२): दीपाली, माझी जुनी ॲटलस पार्किंगमध्ये आहे. तिलाही हे लागू होतं का? आमच्याकडे पोकळ-बिकळ काही नव्हतं.

दीपाली (सी-७०२): नाही काका, तुमचा क्रँक भरीव पोलादाचा आहे, त्याला ही भीती नाही. पण तुमच्याकडे कॉटर आहे, म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी खीळ. पायडल धरून क्रँक आत-बाहेर आणि पुढे-मागे हलवून बघा. खडखड लागली तर कॉटर सैल झालाय किंवा झिजलाय. नुसता ठोकून बसवण्यापेक्षा नवीन घाला, अगदी किरकोळ किंमत असते. वॉचमन आणि दूधवाल्यांच्या सायकलीही बघायला हव्यात. ते रोज सगळ्यात जास्त चालवतात आणि सायकलचं काही झालं तर दिवसाची कमाई जाते.

मोहन काका (ए-१०२): बरोबर बोललीस. मी आपल्या वॉचमनना सांगतो, रविवारी त्यांची सायकल पुढे आणू दे.

अमृता (डी-४०४): ताई, अर्णवच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत आणि पुढचं चाक क्विक रिलीजवर (पान्याशिवाय लिव्हरने उघडणारं) आहे. डावं पायडल थोडं डगडगतं. दुकानदार म्हणाला नवीन सायकलला असं होतं, सवय होईल.

दीपाली (सी-७०२): सवय वगैरे काही होत नाही. अर्णवला ती सायकल दोन दिवस देऊ नकोस. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घाईत तिरकं बसवलं की क्रँकच्या भोकातले आटे खराब होतात. मग कितीही आवळा, ते सुटत राहतं आणि एक दिवस निघून येतं. लहान मुलांच्या सायकलींत हे फार बघायला मिळतं. आणि चौकोनी एक्सलवर बसणारा डावा क्रँक सैल झालेला असताना तसाच चालवला तर ते चौकोनी भोक गोल होत जातं. मग बोल्ट आवळून उपयोग नाही, क्रँकच बदलावा लागतो. म्हणून हलतंय म्हटलं की त्याच दिवशी बघायचं.

क्विक रिलीजची पेन्सिल टेस्ट करून बघ. लिव्हर पूर्ण उघड आणि तिच्या नि डिस्कच्या मधून साधी लाकडी पेन्सिल जाते का बघ. जात नसेल तर ती सायकल चालवायची नाही. २०१५ मध्ये ट्रेकने याच कारणासाठी अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास १० लाख सायकलींवर रिकॉल काढला होता. लिव्हर नीट न आवळता मोकळी राहिली तर ती उघडून फिरत्या डिस्कमध्ये अडकायची आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबायचं किंवा निघायचं. तेव्हा ३ अपघात नोंदले गेले होते, त्यातल्या एका माणसाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्याच वर्षी आणखी १३ कंपन्यांनी रिकॉल काढला.

आणि लिव्हर नटासारखी गोल फिरवून आवळायची नसते, हे अर्णवला दाखव. ती बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे.

अमृता (डी-४०४): पेन्सिल जाते आहे! पण पायडलचं मात्र दुकानदाराशी बोलते. सायकल घेऊन महिनाच झालाय.

ॲड. वैशाली (ए-७०१): अमृता, बिल जपून ठेव आणि तक्रार लेखी दे, व्हॉट्सॲपवर दिलीस तरी चालेल. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदव. ग्रुपसाठी थोडी माहिती देते. कार किंवा बाईकच्या रिकॉलसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने वेगळं कलम आलं, पण पायाने चालवायची सायकल मोटार वाहन नसल्याने त्यात बसत नाही. तिच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. धोकादायक माल बाजारातून परत मागवायचा आदेश देण्याचा अधिकार त्यातल्या कलम २० ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलाय.

दीपाली (सी-७०२): थँक्यू वैशालीताई. सेकंडहँडवाल्यांची अडचण मोठी आहे. कंपनीचं पत्र गेलं तर पहिल्या मालकाला जातं. निखिलसारख्या तिसऱ्या माणसाला कोण कळवणार? परदेशातून सामानात आणलेल्या सायकलींचंही तेच. म्हणून विकणाऱ्याने सायकलच्या फोटोबरोबर क्रँकवरच्या कोडचा फोटो द्यावा आणि घेणाऱ्याने मागून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

निखिल (बी-२०३): पटलं ताई. जाहिरात मागे घेतोय. सोमवारी दुकानात नेतो. पण दुकानदार म्हणाला 'दिसायला ठीक आहे', तर?

दीपाली (सी-७०२): तर त्याला विचार, क्रँक साफ करून बघितला का, वजन टाकून आवाज ऐकला का, आणि तपासणीची नोंद केली का. नुसतं वरवर बघून 'ठीक आहे' म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. ठीक निघाला तरी काम संपलं असं नाही, आज घट्ट असलेला जोड पुढे सुटू शकतो. दर सर्व्हिसिंगला आणि पावसाळा संपल्यावर परत बघायचं. ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) घरात चालवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे घाम सरळ क्रँकवर पडतो.

संदीप (ए-५०१): सईला सांगितलं. थोडी हिरमुसली, पण थांबायला तयार आहे. निखिल, तपासणीत पास झाली तर आमचं नाव पहिलं.

निखिल (बी-२०३): नक्की दादा.

सचिव: रविवारी सकाळी ८ वाजता सी विंगच्या पार्किंगमध्ये सायकली आणा. मेकॅनिकला बोलावलंय, त्याचे पैसे सोसायटी फंडातून देऊ, कमिटीची हरकत नाही. दीपाली, आणखी काय लागेल?

दीपाली (सी-७०२): टॉर्च, दोन पेन्सिली, जुने टूथब्रश आणि फडकी. पायडलचा १५ नंबरचा पाना मी आणते. सायकली जमल्यास आदल्या दिवशी धुऊन, पुसून आणा, म्हणजे मेकॅनिकचा वेळ बघण्यात जाईल. आणि काकू, अमेयचा कोड आला का?

शुभदा काकू (ए-३०२): आत्ताच आला. 'क्यू सी', आर८०००. दुकानाला फोन लावतोय, तोवर ट्रेनने जाईन म्हणाला.

दीपाली (सी-७०२): मार्च २०१८ चा. तपासणीत येतो. जाऊ दे त्याला ट्रेनने.