ओली फरशी, विमान आणि माझी जबाबदारी

प्रश्न:
विमान जरासे हेलकावले तरी माझे हातपाय गार पडतात, पण घरातल्या न्हाणीघराची भीती मला कधी वाटली नव्हती. गेल्या महिन्यात कपडे धुता धुता फोन वाजला म्हणून साबणाचे पाणी तसेच टाकून मी बाहेर आलो आणि तेवढ्यात वडील आत जाऊन घसरले. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ‘अपघात काय सांगून येतो?’ असे सगळे समजावतात, पण पाणी माझ्याच हातून राहिले होते. आता रात्री गॅसचे बटण चार-चार वेळा पाहतो. यात भीती किती आणि जबाबदारी किती, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १:
जे चटकन आठवते तेच वारंवार घडते असे मन धरून चालते, हे मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७३ मध्ये दाखवले. विमान कोसळल्याची बातमी वर्षानुवर्षे लक्षात राहते, न्हाणीघरात पडल्याची बातमीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मात्र पडल्यामुळे जगात वर्षाला सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात. तेव्हा आपली सावधगिरी चुकीच्या जागी खर्च होत होती, एवढेच म्हणेन.

प्रतिसाद २:
आकडे मान्य, पण त्यांनी यांचे मन हलके होणार नाही. अपघातांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघाताला एकामागे एक ठेवलेल्या, भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली आहे: सगळी भोके एका रेषेत आली की अनर्थ घडतो. साबणाचे पाणी, भिंतीला आधाराची दांडी नसणे, कदाचित अपुरा उजेडही. यांतले पाणी तुमचे, हे नाकारू नका. मात्र सगळा अपघात एकट्याच्या डोक्यावर घेतलात, तर बाकीची भोके तशीच राहतील. वडिलांशी याविषयी बोललात का?

प्रतिसाद ३:
बटण पहिल्यांदा पाहता ते गॅससाठी; पुढच्या तीन खेपा मनाच्या समाधानासाठी असतात आणि ते समाधान टिकत नाही. या खेपा वाढत गेल्या, तर संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्नकर्ता:
काल दांडी बसवून घेतली. पाणी माझ्याकडून राहिले होते, हेही वडिलांना सांगितले. वॉकरला टेकून त्यांनी एका हाताने दांडी ओढून पाहिली आणि “चार बोटे खाली हवी होती,” एवढेच म्हणाले. उद्या ती खाली घेतो.